सेव्ह मारायचं काम माणसाचं नाही

"तुम्ही केलेले बदल सेव्ह करायचे आहेत का? होय, नाही, रद्द."

जगातल्या उद्धट प्रश्नांची यादी केली तर हा पहिल्या पाचांत यावा. माणूस दोन तास मान मोडून काहीतरी लिहितो, मांडतो, जुळवतो, आणि निघताना दारात उभं राहून सॉफ्टवेअर त्याला विचारतं, की हे सगळं ठेवायचं का फेकायचं? कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारीची वही आठवा. दुकान बंद करताना त्यानं वही मिटली आणि वहीच बोलली, "शेठ, आजच्या नोंदी ठेवू का पुसू?" तर शेठ ती वही त्याच रात्री बंबात घालेल. आपण मात्र असल्या वह्या चाळीस वर्षं विकल्या, आणि वर लोकांनाच शिकवलं की बाबांनो, दर दोन मिनिटांनी वहीला सांगत जा, नाहीतर आम्ही जबाबदार नाही.

तर आजचं भांडण हे आहे. बदल सॉफ्टवेअरनं आपणहून जपावेत, की माणसानं सांगितल्यावर? माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना नुसतं चिडायचंय त्यांना पुढचं वाचायचे कष्ट नकोत.

केलेलं काम जपणं ही सॉफ्टवेअरची जबाबदारी. ते काम पक्कं कधी झालं, हे ठरवणं माणसाचा हक्क. 'सेव्ह' नावाच्या एकाच बटणात आपण या दोन्ही गोष्टी कोंबल्या आणि जबाबदारी माणसाच्या गळ्यात मारली. आता ऑटोसेव्हच्या उत्साहात काही मंडळी त्याचा हक्कही काढून घेताहेत. मला दोघांशीही भांडायचंय.

हे बटण आलं कुठून

कारण अगदी साधं आहे. कॉम्प्युटरला दोन प्रकारची स्मृती असते. एक चटपटीत पण विसराळू, वीज गेली की सगळं साफ. दुसरी संथ पण पक्की. १९८० च्या दशकात ती संथ म्हणजे फारच संथ होती. फ्लॉपीवर एक फाइल लिहायला कित्येक सेकंद लागायचे, खर्र खर्र आवाज यायचा, आणि तेवढ्या वेळात पडद्यावर दुसरं काही करता यायचं नाही. दर अक्षराला हे केलं असतं तर कोणी टाइपच करू शकलं नसतं. म्हणून तेव्हाच्या प्रोग्रॅमरनं तडजोड केली. या स्मृतीतून त्या स्मृतीत कधी न्यायचं, ते तुम्हीच सांगा.

तेव्हा ते बरोबरही होतं. पण बघा काय झालं. यंत्राच्या पोटातली एक अडचण होती, ती आपण मेनूत मांडून ठेवली आणि तिला 'युजरचा कंट्रोल' असं भारदस्त नाव दिलं. अ‍ॅलन कूपरनं १९९५ च्या 'अबाउट फेस' या पुस्तकात हेच सांगितलं होतं. वापरणाऱ्याच्या डोक्यात एकच कागद असतो. एक मेमरीतला आणि एक डिस्कवरचा अशा दोन प्रती फक्त आपल्या, प्रोग्रॅमर लोकांच्या डोक्यात असतात. १९९६ साली पाम पायलट बाजारात आला, त्याच्या मेमो पॅडमध्ये सेव्ह नव्हतंच. लिहिलं, बंद केलं, राहिलं. कोणी तक्रार केली नाही, कारण कोणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

आज ती जुनी अडचण किती उरली आहे, त्याचा हिशेब करू. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. भरगच्च पानावर दोन हजार चिन्हं धरा. म्हणजे पान झालं सहा केबीचं. पर्वतीवरून सकाळी काढलेला एक फोटो सहज तीन एमबीचा असतो. एका फोटोत पाचशे पानं! माणूस सिंहगडावर जाऊन येतो तोवर फोन न विचारता असे पन्नास फोटो ठेवून घेतो, आणि ऑफिसातलं सॉफ्टवेअर एका परिच्छेदासाठी परवानगी मागतं.

बटणावर चित्र कसलं, तर फ्लॉपीचं. सोनीनं फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. आज कॉलेजात असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ती हातात धरलेली नाही. वस्तू गेली, कारण गेलं, चित्र आणि शिक्षा तेवढी राहिली.

लोडशेडिंगच्या गावात

पुण्यात या शिक्षेची किंमत लोकांनी रोख मोजली आहे. २००५-०६ चं लोडशेडिंग ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको. जून २००६ मध्ये 'पुणे मॉडेल' सुरू झालं. शहरातल्या उद्योगांनी आपापली जनित्रं चालवून ग्रिडवरचा सुमारे ९० मेगावॅटचा भार हलका करायचा, आणि त्याचा जादा खर्च मोठ्या वीजग्राहकांच्या बिलांतून वसूल करायचा, अशी ती योजना. तेव्हा कुठे शहराला श्वास मिळाला. त्याआधी (आणि नंतरही, कारण गुरुवार आहेच. गुरुवारी वीज जाणार हे पंचांगात छापायचं तेवढं बाकी आहे) पेठांमधल्या डीटीपीवाल्यांचे हाल बघायचे.

आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या बोळांत तेव्हा ठिकठिकाणी एखाद-दुसरं मशीन आणि त्यावर श्रीलिपी नाहीतर आयएसएम घातलेला पेजमेकर असायचा. लग्नपत्रिका, प्रबंध, दिवाळी अंकांची पानं. कामाचे पैसे पानावर. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, बॅटरी जुनी असली तर तेवढंही नाही. वीज गेली आणि पानं गेली, की ती पुन्हा टाइप करायचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक देणार नाही, दुकानमालक देणार नाही, सॉफ्टवेअर बनवणारा तर नाहीच नाही. ऑपरेटरची संध्याकाळ जायची. नुकसान नेहमी साखळीतल्या सगळ्यात कमकुवत माणसाच्या खिशातून जातं, तसंच इथेही.

आता गंमत ऐका. त्याच पेजमेकरला हा प्रश्न कळला होता. त्यात 'मिनी-सेव्ह' नावाची सोय होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, नवीन पान घातलंत, की तो न विचारता, न सांगता तोवरचं काम जपून ठेवायचा. वीज जाऊन आली की फाइल उघडायची, शेवटच्या मिनी-सेव्हपर्यंतचं सगळं जागेवर. गेलं तर चालू पानातलं थोडंफार. आणि तरीही तुम्ही स्वतः केलेलं सेव्ह तो वेगळं लक्षात ठेवायचा. नुसतं 'रिव्हर्ट' केलं तर तुमच्या सेव्हपाशी, शिफ्ट दाबून केलं तर मिनी-सेव्हपाशी. ज्या ऑपरेटरना ही शिफ्टची युक्ती माहीत होती त्यांना चौकात मान होता.

पेजमेकर १९८५ चा. त्या काळच्या यंत्रावर, त्या काळच्या डिस्कवर ज्यांना जपणं आणि पक्कं करणं वेगळं ठेवता आलं, त्यांच्यासमोर आजच्या सोळा जीबी रॅमवाल्या आपण कोणत्या तोंडानं 'टेक्निकल लिमिटेशन' म्हणायचं?

पण पेजमेकरचा धडा आपण घेतला नाही. त्याऐवजी लोकांना वळण लावलं. २००१ मध्ये एमकेसीएल आली, एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं, लाखो लोक पहिल्यांदा माउस धरायला शिकले. ते फार मोठं काम झालं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पिढीनं कॉम्प्युटरबद्दल मनात पक्की केलेली पहिली गोष्ट कोणती? "सेव्ह मारलंस का?" म्हणजे हे यंत्र बेभरवशाचं आहे, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही. आजही पन्नाशीतला हुशार बँक अधिकारी फॉर्म भरताना श्वास रोखून भरतो. त्याला आपण 'टेक-सॅव्ही नाही' म्हणतो. तो पूर्ण सॅव्ही आहे. त्याला अनुभवानं कळलंय की हे लोक आपलं लिहिलेलं हरवतात.

आणि हे कोणत्या गावात? जगाचा डेटा जपणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गावात! व्हेरिटासचं मोठं केंद्र इथे होतं, ज्यांची फाइल सिस्टिम जर्नलिंग करणाऱ्या पहिल्या व्यावसायिक फाइल सिस्टिमपैकी एक. ड्रुवा २००८ मध्ये इथेच सुरू झाली, धंदा बॅकअपचा. अमेरिकेतल्या कंपनीचा सर्व्हर मध्यरात्री कोसळला तर एक बाइटही जाऊ नये, यासाठी बाणेर-बालेवाडीत माणसं जागतात. आणि त्याच बाणेरमध्ये कोणीतरी असा फॉर्म लिहितं, की ज्यात 'मागे' बटण दाबलं की चार पानं कोरी.

मीटिंगमधले तीन युक्तिवाद

हा विषय ऑफिसात काढला की तीनच गोष्टी ऐकायला मिळतात. माणसं बदलतात, क्रमही बदलत नाही.

पहिला: "युजरला थोडी शिस्त नको का?"

शिस्त कसली? आपल्या यंत्राचा दोष दर दोन मिनिटांनी आठवायची? माणसाचं लक्ष ही त्याची पुंजी आहे, ती त्याच्या वाक्यावर, त्याच्या हिशेबावर खर्च व्हायला हवी. शिवाय हे बोलणारा स्वतः काय वापरतो ते बघा. इंटेलिजे वापरत असेल तर तो फाइल आपोआप जपतो आणि वर लोकल हिस्टरी ठेवतो. व्हिम बाजूला स्वॅप फाइल ठेवतो. ईमॅक्स कित्येक दशकं ऑटोसेव्ह करतोय. त्यावर २००५ पासून गिट आहेच. म्हणजे आपल्या घरात इन्व्हर्टर, आणि गिऱ्हाइकाला मेणबत्ती जवळ ठेवायची शिस्त!

दुसरा: "बदल टाकून द्यायचे असले तर? माणूस नुसतं करून बघत असेल तर?"

हा खरा प्रश्न आहे, त्यामुळे नीट उत्तर देतो. दोन चुका शक्य आहेत. एक, जपायला हवं होतं ते गेलं. दोन, नको होतं ते राहिलं. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं काढता येतं, अट एवढीच की आधीची अवस्थाही ठेवलेली हवी. ज्या चुकीवर इलाज आहे ती चूक पत्करावी आणि जिच्यावर नाही ती टाळावी, हे डॉक्टरपासून क्रिकेटमधल्या अंपायरपर्यंत सगळ्यांना कळतं. तेव्हा टाकून द्यायची सोय हवीच, पण ती बेसावध क्षणी दारात अडवून विचारू नये. "सकाळी उघडलं तेव्हा होतं तिथे परत जा" असं स्पष्ट बटण द्या. ज्याला टाकायचंय तो ते दाबेल. आणि ते दाबल्यावरही टाकलेलं लगेच नष्ट करू नका, कारण माणूस संध्याकाळी सहाला टाकतो आणि सव्वासहाला हळहळतो.

जेफ रास्किन, म्हणजे मॅकिंटॉशचा प्रकल्प ज्यानं सुरू केला तो, त्यानं २००० च्या 'द ह्यूमेन इंटरफेस'मध्ये हा नियमच करून ठेवलाय. असिमोव्हचा रोबोट माणसाला इजा करत नाही आणि हातावर हात ठेवून ती होऊही देत नाही, तसं कॉम्प्युटरनं माणसाच्या कामाशी वागावं. हातावर हात ठेवणं हाही गुन्हाच, हा त्यातला महत्त्वाचा भाग. सेव्ह न मारल्यामुळे गेलं, यात 'आम्ही काही केलं नाही' हा बचाव नाही. तोच तर आरोप आहे!

तिसरा: "परफॉर्मन्स. आर्किटेक्चरच बदलावं लागेल."

हो, लागेल. पगार त्याचाच मिळतो. दर अक्षराला सगळी फाइल लिहा असं कोणी म्हणत नाही. जे बदललं तेवढी कृती एका यादीत शेवटी जोडत जा. डेटाबेसवाले हे कित्येक दशकं करताहेत. आधी लॉगमध्ये लिहायचं, मग मूळ जागी. तुम्ही पासबुकात बघता तो आकडा वीज जाऊनही शाबूत राहतो तो यामुळेच. ब्राउझरमध्येसुद्धा ड्राफ्ट जपायला जागा असते, नेट गेलं तरी ती जात नाही. व्हिडिओ नाहीतर कॅडच्या अवाढव्य फाइलींना हे जास्त अवघड आहे, मान्य. पण ज्या सॉफ्टवेअरवर आपण आठवडाभर असतो त्यातली नव्वद टक्के खोकी म्हणजे 'नाव, पत्ता, शेरा' असतात. तिथे आर्किटेक्चरचं नाव घेऊन लाजवू नका.

आता ऑटोसेव्हवाल्यांकडे वळू

इथपर्यंत जे माना डोलवत होते त्यांनी आता जरा सावरून बसा.

अ‍ॅपलनं २०११ मध्ये मॅक ओएस लायनमध्ये ऑटोसेव्ह आणलं. आवृत्त्या ठेवायची सोयही दिली, ती उत्तम. पण 'सेव्ह अ‍ॅज' उचलून त्या जागी 'डुप्लिकेट' आणलं. लोक भडकले. पुढच्याच वर्षी माउंटन लायनमध्ये ऑप्शन की दाबल्यावर का होईना, 'सेव्ह अ‍ॅज' परत आलं, आणि बंद करताना विचारा म्हणणाऱ्यांसाठी सेटिंगही आलं. २०१७ पासून मायक्रोसॉफ्टनं ऑफिसमध्ये वनड्राइव्हवरच्या फाइलींसाठी ऑटोसेव्ह सुरू केलं. तिथेही तीच आरडाओरड.

हे लोक का भडकले? जुन्या सवयीचे गुलाम म्हणून? अजिबात नाही. त्यांचं बरोबर होतं. कित्येकांची कामाची पद्धतच अशी, की गेल्या वर्षीचं कोटेशन उघडायचं, नाव बदलायचं, आकडे बदलायचे आणि शेवटी 'सेव्ह अ‍ॅज' करून नवीन नावानं ठेवायचं. ऑटोसेव्ह चालू असेल तर 'शेवटी' येईपर्यंत गेल्या वर्षीचं कोटेशन बदललेलं असतं. माणसानं 'हे पक्कं' असं कधीच म्हटलं नव्हतं. सॉफ्टवेअरनं त्याच्या तोंडात घातलं.

सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट घ्या. कोथरूडमधली कुठलीही चाळीस फ्लॅटची सोसायटी. खजिनदार काका निवृत्त, काटेकोर. त्यांनी शीटची लिंक ग्रुपवर टाकली, आणि चुकून बघण्याच्या परवानगीऐवजी बदलण्याची दिली. बी विंगमधल्या कोणीतरी बसमध्ये उभ्याउभ्या फोनवर उघडली, अंगठा लागला, थकबाकीच्या रकान्यातला आकडा उडाला. सेव्ह झालं, लगेच, सगळ्यांसाठी. आता हिस्टरी तिथे असते, कोणी कधी काय बदललं ते सगळं असतं. पण कुठे? मेनूच्या आत मेनूत. काकांना ती आहे हेच माहीत नाही. मग सभेत त्यांच्यावर संशय येतो. जो माणूस पंचवीस वर्षं एक पैशाची चूक न करता हिशेब लिहीत आला, त्याला मान खाली घालावी लागते. त्यापेक्षा जुनं फ्लॉपीचं बटण परवडलं, असं ते म्हणणारच.

तेव्हा ऑटोसेव्हच्या भक्तांना माझं सांगणं एवढंच: सहज दिसणारा, सहज वापरता येणारा इतिहास नसेल तर तुमचं ऑटोसेव्ह म्हणजे आपोआप नुकसान करणारं यंत्र आहे.

कच्चं आणि पक्कं

यासाठी सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. आपल्याकडे कारकुनांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय.

रोजकीर्द घ्या. व्यवहार झाला की त्याच दिवशी लिहायचा, संध्याकाळी 'ठेवू का' विचारायचं नाही. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दी इतक्या नेमानं लिहिल्या आहेत, की गणेश चिमणाजी वाडांनी त्यातून निवडलेल्या नोंदींचे पुढे खंड छापले गेले, आणि अभ्यासक आजही ते वापरतात. आणि जमाखर्च शिकलेल्या कोणालाही विचारा, नोंद चुकली तर खोडरबर घ्यायचं नसतं, उलट नोंद करायची असते. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते.

आता हे कायद्यातही आलंय. १ एप्रिल २०२३ पासून देशातली कंपनी हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद कोणाला बंद करता येता कामा नये. दोनदा पुढे ढकलून शेवटी हा नियम लागू झाला. टॅलीला एडिट लॉगवाली आवृत्ती काढावी लागली. सरकारनं घोटाळे रोखायला केलं हे खरं, पण प्रामाणिक अकाउंटंटलाही त्याच नोंदीचा आधार मिळतो. मी हे बदललं नाही, हे त्याला दाखवता येतं.

आणि माझं लाडकं उदाहरण, फेरफार. हसू नका. जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तेव्हा हे आपलं घरचंच. जमीन विकली, वारस लागले, की जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी ती नोंद फेरफार नोंदवहीत घेतो. घेतली म्हणजे ती राहिली, कुठे जात नाही. पण लगेच सातबारा बदलत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते. शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग सातबारा बदलतो. हातानं लिहायच्या काळात मंजूर न झालेली नोंद पेन्सिलनं आणि मंजूर झालेली शाईनं, अशी पद्धत होती. केवढा साधा इंटरफेस! पेन्सिल म्हणजे जपलंय, शाई म्हणजे पक्कं.

या खात्याबद्दल लोकांना काय काय सोसावं लागतं ते मला माहीत आहे, त्याची आरती ओवाळत नाहीये. पण रचना बघा. लिहिणारा वेगळा, पक्कं करणारा वेगळा, मधला काळ सगळ्यांना दिसणारा. गिटमधलं फाइल बदलणं, कमिट आणि रिव्ह्यू याहून वेगळं काय आहे? आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एकतर पेन्सिल नाही (जुनं सेव्ह), नाहीतर शाई आपोआप उमटते (नवं ऑटोसेव्ह).

जपणं म्हणजे डोकावणं नव्हे

एक धोका राहिला, आणि तो आपल्या धंद्यातल्या लोकांनीच आणलाय. 'आम्ही तुमचा ड्राफ्ट जपतो' म्हणत अर्धवट लिहिलेलं स्वतःच्या सर्व्हरवर नेऊन वाचायचं. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या. अमेरिकेतून उघडल्यावर २,९५० आणि युरोपातून उघडल्यावर १,८४४ साइटवर, फॉर्म पाठवायच्या आधीच टाइप केलेला ईमेल पत्ता ट्रॅकिंग करणाऱ्यांकडे जात होता. माणसानं लिहिलं, विचार बदलला, खिडकी बंद केली. त्याला वाटलं, नाही पाठवलं. पाठवलं होतं.

म्हणून जपायचं ते आधी त्याच्याच यंत्रावर, त्याच्यासाठी. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सामायिक मशीन असेल तर उठताना 'इथलं पुसून टाका' हे स्पष्ट बटण. 'पाठवा', 'पैसे भरा', 'दाखल करा' ही बटणं आपोआप कधीही, कोणत्याही कारणानं दाबली जाता कामा नयेत. पेन्सिलची वही ज्याची त्याची असते.

तर मागणी काय?

चार ओळींत मांडतो. एक, माणसानं लिहिलेलं एकही वाक्य वीज, नेट किंवा सेशन टाइमआउटमुळे जाऊ नये. दोन, मागच्या अवस्थेला जायची वाट पहिल्याच पडद्यावर दिसावी. तीन, दुसऱ्यांना दिसणारं, दुसऱ्यांवर परिणाम करणारं काहीही माणसानं 'पक्कं' म्हटल्याशिवाय पक्कं होऊ नये. चार, बंद करताना कसलाही प्रश्न विचारू नये.

सेशन टाइमआउटचा मुद्दा मुद्दाम घातलाय. दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना घराघरांत जे चालतं ते बघा. मुलगी फॉर्म भरतेय, बाप शेजारी कागदांची पिशवी घेऊन बसलाय, उत्पन्नाचा दाखला सापडेना. तो शोधेपर्यंत वीस मिनिटं गेली, आणि पडद्यावर 'सेशन संपलं'. सुरक्षेसाठी लॉगिन संपवा, जरूर संपवा. पण तिनं भरलेली तीस खोकी कोणत्या सुरक्षेसाठी पुसली? पुन्हा लॉगिन केल्यावर ती जशीच्या तशी समोर यायला काय हरकत होती? मोबाइलवर, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत हे करणाऱ्या मुलीला आपण दुसऱ्यांदा भरायला लावतो, आणि शेवटच्या तारखेला सर्व्हरवर लोड का येतो म्हणून तिसऱ्या मीटिंगमध्ये आश्चर्य करतो.

सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. आपलं स्वतःचं प्रॉडक्ट उघडा. त्यात पाच मिनिटं खरंखुरं काहीतरी भरा, 'टेस्ट टेस्ट' नव्हे. मग टास्क मॅनेजरमधून सरळ प्रोसेस मारा. वेब अ‍ॅप असेल तर लॅपटॉपचं नेट काढा आणि टॅब बंद करा. पुन्हा उघडा.

लिहिलेलं तिथे असेल तर डबा खायला जा, छान चाललंय तुमचं. नसेल तर बग टाका, आणि सिव्हिरिटीच्या खोक्यात 'मायनर' लिहू नका. डेटा लॉस आहे तो.